सोमवारी बोललेला गुरू

माझ्या थोरल्या साडूंकडे येई तितक्या लांबून पाहुणा निपाणीत दुसऱ्या कुणाकडेही येत नसे. हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. आता वय झालं, सांगून टाकतो. त्यांच्याकडे गुरू यायचा. आकाशातला ग्रह. रेडिओवर.

साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांना अण्णा म्हणे. तंबाखूची वखार, तपकिरीने पिवळी झालेली बोटं आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली रेडिओची तांब्याची तार. त्या तारेवर त्यांच्या बायकोने, आक्कांनी, एकदा लुगडं वाळत घातलं, तर अण्णा रात्री न जेवता झोपले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट ही. दिवेलागणीनंतर ते शॉर्टवेव्हच्या पार टोकाला, जिथे एकही स्टेशन लागत नाही, तिथे काटा नेऊन बसत. कधी किनाऱ्यावर लाटा आपटाव्यात तसा आवाज येई, कधी कढईत लाह्या फुटाव्यात तसा. मासिकात वाचलेलं ते सगळ्यांना सांगत, की गुरूभोवती चुंबकाचं राज्य एवढं पसरलंय की त्यात अख्खा सूर्य मावेल. त्याचा एक चंद्र त्यातून फिरतो, वीज उसळते, ध्रुवांवर उजेडाची कडी पेटतात आणि इकडे आपल्याला हे ऐकू येतं. निम्म्या वेळा ती कुणाची तरी स्कूटर असे. म्हणून घरी येणाऱ्याने कोपऱ्यावरच इंजिन बंद करायचं आणि गाडी ढकलत आणायची, असा दंडक. वखारीतले हमालसुद्धा विचारत, "मालक, काल आलता का गुरू?"

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीला बघायला चिकोडीचे पाहुणे आले. पोहे झाले, बोलणं रंगात आलं आणि कोपऱ्यातला रेडिओ तडतडू लागला. अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. "जरा थांबा पावणं, गुरू बोलायलाय."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मी बेळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो, म्हणून मुलाच्या वडिलांनी मलाच विचारलं, "काय सर, खरं हाय का हे?"

पोरीचं लग्न मोडेल ही भीती होतीच. पण चारचौघांत शहाणं दिसायचंही होतं. मी हसून म्हणालो, "कसला गुरू? समोरची पिठाची गिरणी आहे ती. मोटारीच्या ठिणग्या."

सगळे पोट धरून हसले. अण्णांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग तेही हसले. "व्हय की, गिरणीच असंल. सर म्हणत्यात म्हंजे." त्यांनी रेडिओ बंद केला. लग्न ठरलं.

बेळगावची गाडी पकडायला बाहेर पडलो, तर समोर गिरणीला कुलूप. दर सोमवारी तिला सुट्टी असे. जन्मभर तिच्यासमोर राहिलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? त्यांना फक्त मला पाहुण्यांदेखत खोटं पाडायचं नव्हतं. मागे फिरून जिना चढावा असं वाटलं. तेवढ्यात गाडी आली आणि मी बसलो.

पुढच्या खेपेला तांब्याच्या तारेवर लुगडी वाळत होती. आक्का खूश. अण्णा बातम्या ऐकत होते. मी मुद्दाम स्कूटर फटफटत दारापर्यंत आणली, तरी कुणी काही बोललं नाही.

शेवटच्या आजारात ते बेळगावच्या दवाखान्यात होते. अनगोळच्या माझ्या घरून मी रोज डबा नेई. एका संध्याकाळी खिडकीत तो ठळक, न लुकलुकणारा ठिपका दिसला. मीच म्हणालो, "अण्णा, गुरू."

त्यांनी उशीवरून मान तिकडे वळवली. "बोलत असंल की," म्हणाले. "ऐकायला कोण न्हाय, एवढंच."

मी डबा उघडून भात कालवू लागलो. तेव्हा फक्त इतकंच म्हणायचं होतं: अण्णा, त्या दिवशी सोमवार होता.