वीस मिनिटं आणि बाहेरची कडी

पन्नाशीला टेकल्यावर मी धावायला लागले, ते काही तब्येतीसाठी नाही. घरात बसवत नव्हतं म्हणून. बाबांचं विसरणं वाढलं होतं. तेच प्रश्न, तेच डबे उघडून पाहणं, आणि दिवसभर त्यांच्या मागे मागे मी. कधी कधी इतका राग यायचा की वाटे, आता काहीतरी बोलून बसेन. बाबा सकाळी सातपर्यंत झोपत. त्याआधीची वीस मिनिटं मी माझी ठरवली आणि दाराला बाहेरून कडी घालून निघाले.

आमच्या गोरखी मोहल्ल्याच्या गल्लीत माझ्या वयाची बाई धावताना कोणी पाहिली नव्हती. सलवार-कमीज, कमरेला गाठ मारलेली ओढणी, भाच्याचे जुने बूट. विजेच्या एका खांबापर्यंत धावायचं, पुढचे दोन चालायचे. तेवढ्यातच बरगडीखाली कळ. पण खरा ताप लोकांचा. जो तो समजे, हिच्या घरी काहीतरी झालं. दूधवाल्याने तर मोटरसायकल आडवी घातली. "दीदी, बाबूजी ठीक हैं ना? बैठिए, अस्पताल छोड़ देता हूँ।" समोरच्या काकू काहीही न विचारता चपला घालून माझ्यामागे निघाल्या. "काही नाही झालं, सहज धावतेय," हे सांगण्यातच माझा अर्धा दम जाई. बाबांचं मतही लोकांसारखंच. आमचं घराणं पिढ्यांपूर्वी दख्खनेतून फौजेबरोबर इथे उत्तरेत आलेलं. "आपल्यात माणूस दोनच वेळा धावतो," ते म्हणत, "लढाईत, नाही तर डॉक्टरकडे."

महिना-दीड महिन्यात लोकांना सवय झाली. मी फूलबागेच्या फाटकापर्यंत न थांबता जाऊ लागले. जिवाला स्वस्थता मात्र नव्हती. दर खांबाला तेच: कडी नीट लागली होती ना? परत येऊन ती जागच्या जागी दिसली की हायसं वाटे, आणि आपण बापाला कोंडून जातो याची लाजही वाटे. एके दिवशी लाज वरचढ झाली. दार नुसतं ओढून घेतलं.

परतले तर दार सताड उघडं. पलंग रिकामा, चपला नाहीत.

त्या दिवशी मी खांब मोजले नाहीत. गल्ली, बाजार, पुन्हा फूलबाग. आणि कोणी म्हणता कोणी अडवलं नाही! दूधवाल्याने लांबूनच हात हलवला, "वाह दीदी, आज तो दूसरा चक्कर!" ज्या प्रश्नाचा मला वीट आला होता, तो कोणीतरी विचारावा म्हणून मी आसुसले होते. शेवटी मीच त्याच्यापाशी जाऊन थांबले. "भैया, बाबूजी घर पर नहीं हैं," एवढंच बोलता आलं आणि भर रस्त्यात रडू फुटलं. त्याने दुधाचे कॅन तिथल्याच एका दुकानाशी उतरवले आणि मला मागे बसवलं.

शोधत शोधत पडाव भागात आलो, तर एका हॉटेलच्या पायरीवर बाबा बसले होते. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात माझी. गाडी थांबते न थांबते तोच मी उतरून धावले. मला तशी येताना पाहून ते घाबरून उठायला लागले.

"तू अशी पळत काय आली?" त्यांनी विचारलं. "घरी कोणाची तबियत खराब झाली का?"

मी त्यांच्याशेजारी बसले. श्वास पुरत नव्हता. "नाही बाबा," म्हटलं, "सहज धावतेय."

"मग ठीक," ते म्हणाले. "दाराला कडी घालून आली ना?"