आसूढाळ

घोडीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता, चिंचोक्याएवढा. बाजारात ती घेताना तो कुणाच्या लक्षात आला नाही. आला असता तर काकांनी ती घेतली नसती.

आमची वस्ती पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्यापासून आत, शेतात होती. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा शहराच्या कडेला, छावणीत. चुलत बहीण चौथी पास झाली तेव्हा घरात विषय निघाला. एसटी वस्तीच्या फाट्यावर थांबेलच असं नव्हतं, आणि मुलीला एकटीनं चालत पाठवायला काकू तयार नव्हत्या. काकांनी मग मातकट रंगाची ही ठेंगणी तट्टू घोडी आणली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "घोडी हाय तवर शाळा." बहिणीनं हे वाक्य नीट ऐकून ठेवलं.

शिकवायला पडेगावचे चाचा आले. ते जुन्या रिसाल्यात स्वार होते. पोलीस ॲक्शननंतर रिसाला मोडला आणि ते टांगा चालवू लागले. छावणीच्या फेऱ्या संपल्या की संध्याकाळी ते टांगा आमच्या बांधाला लावत. मी तिच्याहून लहान, पण बहिणीबरोबर मीही शिकले; खोगिरावरून उतरलेल्या स्वारानं घोडी दुसऱ्याच्या हाती देऊन बसायचं नाही, तर दुसऱ्याचं बघायचं, असा त्यांचा नियम होता.

पहिले कित्येक दिवस बसणं नव्हतंच. आधी खरारा. मानेपासून सुरुवात, केसांच्या दिशेनं, पोटाखाली हात हलका. मग खूर उचलून त्यातली माती आणि खडे काढायचे. ओल्या फडक्यानं डोळे पुसायचे, आतल्या कोपऱ्यापासून. घाम आलेल्या घोडीला लगेच पाणी पाजायचं नाही, आधी फिरवायचं. भिजवलेले हरभरे तिच्यापुढे ठेवल्याशिवाय आपण भाकरीला बसायचं नाही. जवळ जाताना डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत.

"काय बोलायचं तिच्याशी?" बहिणीनं विचारलं.

"जे तोंडाला येईल ते. शाळेत काय झालं ते सांग. घोडी चुगली करत नाय."

बसायला मिळालं तेव्हा सुरुवात गोणपाटावर झाली. खोगीर नंतर. बहीण पाठीवर सैल बसली की चाचा खालून म्हणायचे, "बेटी, घोडी काय खुर्ची हाय का? बसली अन् इसरली."

"खुर्ची लाथ मारत नाय, चाचा."

"म्हनून तर खुर्चीवर बसलेल्याला कुनी स्वार म्हनत नाय."

त्यांच्या शिकवण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे सलाम. हा शब्द त्यांचाच. चालत्या घोडीचा लगाम दोन बोटांत हलकेच दाबायचा. घोडी मान कमानीसारखी वाकवते आणि हनुवटी छातीकडे घेते. तिनं घेतली की त्याच क्षणी बोटं सैल. "सलाम मागायचा, खेचायचा नाय," ते सांगायचे. हे जमलं की घोडी हातात आली. मात्र उभ्या घोडीकडून सलाम घ्यायला सक्त मनाई होती. जनावर पुढं चालायच्या ऐवजी नुसती मान वाकवून सुटका करून घ्यायला शिकतं. "उभ्यानं सलाम घेतला की जनावर लबाड होतं," असं ते म्हणत. बहिणीनं एकदा सहज गंमत म्हणून तसं केलं, तर तिला त्या दिवशी उतरवलं आणि घरापर्यंत घोडी हातानं चालवायला लावली.

शाळा सुरू झाली. बहीण सकाळी निघायची, छावणीत चाचांच्या ओळखीच्या तबेल्यात घोडी बांधायची आणि ऊन उतरताना परत यायची. पावसाळा गेला. त्याच दिवसांत घरात दोन गोष्टी घडल्या. एक बैल पोट फुगून मेला. मग काकूंचा धाकटा मुलगा खळ्याच्या भिंतीवरून पडला आणि त्याचा हात मोडला.

मुलाला बघायला काकूंचे भाऊ गंगापूरहून आले. चहा पीत असताना त्यांनी दावणीकडे पाहिलं. "दाजी, घोडी घेतली का शेळी?" असं म्हणत उठले, जवळ गेले, आणि मग हसू थांबलं. त्यांनी घोडीच्या डोळ्याखाली बोट ठेवलं.

"आसूढाळ हाय ही."

काकूंनी विचारलं, म्हणजे काय. मामांनी सांगितलं: डोळ्याचं पाणी ज्या वाटेनं खाली येतं, त्या वाटेवरचा भोवरा. असलं जनावर दारात असलं की घरात रडणं येतं. जाणकार माणूस फुकट दिलं तरी घेत नाही.

"मंग इकायची कुनाला?" काका म्हणाले.

"गंगापूरला न्हेतो मी. वीटभट्टीवाले भोवरा बघत नाय."

बहीण दारात उभी होती. तिनं आईकडे पाहिलं. काकू मुलाचा बांधलेला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "मी तुझी शाळा तोडत नाय गं," त्या म्हणाल्या. "पर बैल गेला. आता ह्याचा हात. तिसरं काय हुईल, मला सांग." काका म्हणाले की उद्या चाचांना विचारू. घोड्याच्या भोवऱ्यांचा विषय निघाला की पडेगावात त्यांचाच शब्द चालायचा. ते स्वतः भोवरे मानत. त्यामुळे बहिणीला धीर यायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून परतली तेव्हा चाचा आधीच येऊन बसले होते. त्यांनी खोगीर उतरवायला सांगितलं आणि लगाम तसाच ठेवला. घोडीभोवती फिरले. भोवऱ्यावर अंगठा फिरवला.

"भोवरा हाय," ते म्हणाले. "पर आसूढाळ म्हनायचं तर आसू त्याच्यावरून ढळाया पायजे. बघून घिऊ. पानी आना."

काकूंनी तांब्या आणि फडकं दिलं. चाचांनी बहिणीला सांगितलं, "तू धर तिला. समोर उभी ऱ्हा." ती घोडीच्या तोंडापुढे उभी राहिली, लगाम हनुवटीखाली एका मुठीत. मामा डाव्या बाजूला वाकले. काका त्यांच्या मागे. मी उजव्या बाजूला होते, आणि तिथून मला भोवरा दिसत नव्हता. दिसत होती ती बहिणीची मूठ.

चाचांनी ओलं फडकं डोळ्याच्या कोपऱ्यात अलगद पिळलं. त्याच वेळी मुठीतली दोन बोटं दाबली गेली. घोडीनं मान वाकवली आणि हनुवटी छातीकडे घेतली. कपाळ पुढे आलं. पाणी डोळ्यातून निघालं ते गालावर न जाता नाकाच्या हाडावरून पुढच्या बाजूनं खाली उतरलं. भोवरा कोरडा राहिला.

चाचांची नजर त्या मुठीवर गेली. एरवी अशा वेळी त्यांचा आवाज बांधापर्यंत जायचा. त्यांनी फडकं पुन्हा भिजवलं आणि म्हणाले, "आनखी येकदा बघा, पाव्हनं. नंतर म्हनू नका." पाणी पुन्हा त्याच वाटेनं गेलं.

मामा सरळ झाले. "मंग ह्यो कसला भोवरा म्हनायचा?"

"नुसता भोवरा. तुमच्या डोक्यावरबी हाय एक. तुमाला कुनी इकलं का?"

काका हसले. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की डोळे पुसत होत्या हे मला तेव्हा कळलं नाही. थोड्या वेळानं त्या भाकरीचा तुकडा घेऊन दावणीपाशी गेल्या. घोडीला त्यांनी स्वतःच्या हातानं खायला दिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तळहात सपाट ठेवायचा हे त्यांना माहीत नव्हतं. बहिणीनं त्यांची बोटं धरून सरळ केली.

मामा संध्याकाळच्या जीपनं गंगापूरला एकटेच गेले.

नंतर चाचांबरोबर आम्ही घोडीला बांधापर्यंत नेलं. बहिणीनं विचारलं, "चाचा, भोवरा तुमाला पयल्या दिवशी दिसला नव्हता?"

"दिसला व्हता."

"मंग बोलले का नाय?"

"मला कुनी इचारलं नव्हतं."

टांग्याजवळ आल्यावर तिनं घोडी थांबवली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ती शिक्षेची वाट पाहत असावी. चाचांनी टांग्यात चढून आपल्या घोड्याचा लगाम उचलला.

"उभ्यानं सलाम आज झाला," ते म्हणाले. "उद्यापास्नं चालता घ्यायचा."

बहीण त्या शाळेतून पुढे मॅट्रिक झाली. ती कॉलेजसाठी शहरात राहायला गेली तेव्हा घोडी माझ्याकडे आली. सकाळी निघण्यापूर्वी मी ओल्या फडक्यानं तिचे डोळे पुसत असे. मान सरळ असली की पाणी त्या भोवऱ्यावरूनच खाली यायचं. मी ते फडक्यानं टिपून घेई आणि खोगीर चढवी.