अकरा मिरच्या आणि चार तावदानं

ताईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सहाला आमच्या धुलाई कारखान्याचा भोंगा. त्याआधी स्वयंपाक, डबे आणि गॅलरीतल्या कुंड्या. मी बॉयलरवर होतो, ती चादरींच्या इस्त्रीवर. एकोणतीस वर्षं एकाच वाफेत काढली, म्हणून लिहितो आहे.

मिरचीचं बी तिच्या धाकट्या भावाने दिलेलं. तो जहाजावर आचारी. सुट्टीवर आला तेव्हा कागदाच्या पुडीत सहा बिया घेऊन आला. म्हणाला, "पिकली की अननसासारखा वास येतो, ताई. पण जिभेवर ठेवलीस तर आई आठवेल." पुढच्या फेरीवरून तो परतलाच नाही.

सहातल्या चार उगवल्या. रोपं वीतभर झाली आणि पानांखाली मावा बसला. शेजारणीने सांगितलं, साबणाचं पाणी मारा. ताईने कारखान्यातल्या सवयीने बादलीला डबाभर सोडा घातला. माप चोख होतं, पण चादरींचं. तीन दिवसांत तीन रोपं करपली.

"आता इस्त्रीही फिरवा त्यांच्यावरून," मुकादम म्हणाला.

चौथं रोप तिने चार पाण्यांनी धुतलं, माती बदलली, जळका शेंडा छाटला. उरलं बोटभर खोड आणि दोन पानं.

मी म्हणालो, "सोडा नाद, ताई. बाजारात मिरचीला काय तोटा?"

"बाजारात माझा भाऊ मिळतो का?"



रोज सकाळी ती कुंडीला पाव वळसा द्यायची. बोट खुपसून माती बघायची, मगच पाणी. सून हसायची. "आई, मी घरात आले तेव्हा माझी एवढी चौकशी नव्हती केलीत!"

"तू करपली नव्हतीस."

अकरा मिरच्या धरल्या, पण उशिरा. थंडी पडली तेव्हा सगळ्या हिरव्याच. कच्च्या मिरचीचं बी रुजत नाही, आणि दुसरी पुडी कोण आणून देणार? गॅलरी उघडी, वारा बोचरा. पानं गळू लागली. सून दुपारी कुंडी उन्हात ठेवायची, ऊन उतरलं की आत घ्यायची. तेवढ्याने भागेना.

ताईने चार रविवार जादा पाळी मागून घेतली. तिच्या बुटांचे तळ गेले होते आणि आमची फरशी कायम ओली. आम्हाला वाटलं, बूट घेणार. चौथ्या रविवारनंतर काचवाला तिच्या घरी गेला.

तावदानांच्या आड तीन आठवड्यांनी पहिली मिरची केशरी झाली. मग एकेक करत सगळ्या. तिने हातमोजे घालून, कात्रीने, देठ राखून अकराही काढल्या. नवांचं बी वाळवून भावाच्याच पुडीत भरलं. उरलेल्या दोन मिरच्या कारखान्यात आणल्या. चिरली तशी इस्त्रीची खोली अननसाने भरली. मुकादमाने फुशारकीत अर्धी तोंडात टाकली आणि थेट नळ गाठला.

"भाऊ," तो मला म्हणाला, डोळ्यांना धार, "तुमचा बॉयलर पाणी भरतो हिच्यापुढे!"

ताई हसली. पायात तेच बूट, आत पुठ्ठा घातलेला. चार रविवारांची मजुरी गॅलरीत उभी होती: चार तावदानं, आणि ती बसवणाऱ्याचा अर्धा दिवस.