लांडग्याचं सुतक

बाळांनो, परवा धाकट्याचा निरोप आला: "आजी, खेळात विनोद कधी करायचा नि कधी नाही, याचे नियम लिहून दे ना. तू इंग्रजीची मास्तरीण होतीस." मी कागद घेऊन बसले, पण नियम काही जमले नाहीत. म्हणून खेळातला लांडगा मेला त्या आठवड्यात इकडे अंबाजोगाईत काय झाले, ते लिहिते. फोनवर ते तुम्हाला दिसले नव्हते.

आपला खेळ म्हणजे चौघांनी शनिवारी सकाळी फोनवर लिहून रचलेले एक गाव. धाकटा गोष्ट पुढे नेतो. ताई झाडपाल्याचे औषध देणारी वैदीण, आजोबा बैलबाजारातले व्यापारी आणि मी नदीकाठची म्हातारी. पुलावर दरोडेखोरांना अडवताना ताईने पाळलेला लांडगा मेला. ताईने लिहिले, "मी त्याचं डोकं मांडीवर घेते." आजोबांनी लगेच टाकले, "कातडं कितीला द्यायचं?"

ताई खेळातून निघून गेली.

परदेशातल्या नव्या शाळेत तिला बोलायला कुणी नव्हते, तेव्हापासून तो लांडगा तिच्यासोबत होता. मी हे आजोबांना सांगितले.

"खेळच हाय ना?" ते म्हणाले. "कावून एवढं मनाला लावून घ्यायचं?"

"आपल्या गोठ्यातला तुमचा खिलारी बैल गेला, तेव्हा कुणी कातड्याचा भाव काढला असता तर?"

त्यांनी फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "लई चुकलं. आता पोरीला तोंड कसं दाखवू?"

आठवडाभर ताईने फोन उचलला नाही. मी निरोप लिहायची आणि पुसायची. समोरच्याचा चेहरा पाहून माणूस जीभ आवरतो. इथे नुसती अक्षरे. शिवाय ताई मराठीत मोकळी होते ती या खेळातच. तो सुटला तर आमच्याशी बोलायला तिच्याकडे काय उरेल, ही धास्ती जाईना.

शनिवारी ती आली, पण काही लिहीना. शेवटी मी लिहिले, "म्हातारी पदराखाली झाकून पिठलं-भाकरी आणते. सुतकाच्या घरी आज चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी घास न्यायचा असतो."

धाकट्या, त्यावर तू विचारलेस, "पिठल्यानं शक्ती किती वाढते?" ताई पुन्हा निघून जाईल म्हणून मी तुला थांबवायला लिहू लागले.

"गप रे," ताईने लिहिले. "वैदीण एक घास खाते. आजी, तिखट लई झालंय."

आजोबांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत लिहिले, "व्यापारी दाराबाहेर उभा हाय. येऊ का?"

"या. पण भाव काढलात तर पुलावरून ढकलून देईन."

"न्हाई काढत. खड्डा मी खणतो."

लांडगा परत आला नाही. पुलाजवळ त्याला पुरले आहे. शनिवारचा खेळ चालू आहे, आणि ताई त्यात आहे.