मुदतवाढ

भुवनाला डॉक्टरेटनंतरची फेलोशिप मिळाली, तेव्हा राजवाड्यामागच्या गल्लीत तिच्या आईनं घरोघर केसरीचा गोड शिरा वाटला. भरद्वाज राव मार्गदर्शक असतील तोवरच फेलोशिप चालू राहणार होती. तंजावुरात उंदरांमुळे होणाऱ्या तापावर काम करणारं दुसरं कुणी नव्हतं.

ओरत्तनाडुच्या भातशेतांतून भुवना त्यांच्यामागे हिंडली. उंदीर कसा धरायचा, हा ताप माणसाची मूत्रपिंडं कशी बंद पाडतो, सगळं त्यांनीच शिकवलं. उंदरांच्या मुतानं ताप पसरतो म्हणून तिला ते बूट घालायला लावत; चिखलात ते स्वतः मात्र अनवाणी उतरत.

फेलोशिपची मुदतवाढ ठरवायला दिल्लीहून समिती येणार होती. आदल्या दिवशी राव लंगडत प्रयोगशाळेत आले. अंगात चार दिवसांचा ताप, डोळे लालभडक, पोटऱ्या ठणकत होत्या. भुवनानं रक्त घ्यायला सुई काढली.

"सर, हात द्या."

"काय गे, आता मलाच उंदीर केलंस?" ते हसले. "मी इस्पितळात पडलो तर तुझी मुदतवाढ गेलीच. उद्याचा दिवस जाऊ दे."

तिनं आग्रह धरला नाही.

समितीसमोर राव छान बोलले. मुदतवाढ मिळाली, सगळे उठले. राव तेवढे बसून राहिले. खिडकीच्या उजेडात त्यांचे डोळे पिवळे दिसत होते.

भुवनानं वाकून हळूच विचारलं, "सर, लघवी कधी झाली?"

रावांनी बोटांवर तास मोजले.

"काल सकाळी," ते म्हणाले.

ती गाडी बोलवायला धावली. दारातच समितीतल्या एका गृहस्थांनी तिला अडवलं आणि हसत, अभिनंदन करत म्हैसूरपाकाचा डबा पुढे केला.