हिरड्याचा पाक

पेठ वडगावची प्रियदर्शनी मगदूम एका अर्काच्या कारखान्यात केमिस्ट होती. आजऱ्याकडून हिरडा यायचा. त्याची भरड टाकीतल्या मिथेनॉलमध्ये, म्हणजे विषारी स्पिरिटमध्ये, भिजवायची, घशाच्या औषधाला लागणारा अर्क उतरला की मिथेनॉल उडवून कोरडी पूड करायची, अशी तिथली रीत. एके दिवशी टाकीवरचा कामगार पिराजी शिडीवरून खाली आला तो भिंत चाचपतच.

"डोळ्याम्होरं नुसतं धुकं हाय, मॅडम."

मिथेनॉलच्या वाफेनं त्याची नजर कायमची अधू झाली. प्रियदर्शनीनं त्या दिवसापासून टाकी भरायचं साफ नाकारलं.

"मग हिरडा काय फुंकून उतरवायचा?" मालक अमरसिंह गरजले.

तिनं साखर आणि लिंबूसत्त्व थोड्या पाण्यात तापवून पातळ पाक केला, त्यात भरड मुरवली. अख्खा कारखाना हसला. "मॅडम काकवी कराय लागल्या की!" पहिला घाणा इतका घट्ट झाला, की गाळायच्या कापडातून थेंब उतरेना. दुसरा करपला. तिसऱ्याला तिनं पाणी वाढवलं, आच मंद ठेवली. बाहेरच्या प्रयोगशाळेनं सांगितलं, मिथेनॉलइतकाच अर्क उतरलाय.

अमरसिंहांनी मान हलवली. "गिऱ्हाईक पूड मागतंय, पाक न्हाय. उद्यापास्नं टाकी चालू."

दुसऱ्या दिवशी खरेदीदार आले होते. त्यांच्यासमोर प्रियदर्शनीनं आपल्या पाकाचा चमचा तोंडात घातला. तुरटपणानं तोंड वाकडं झालं, तरी गिळला. मग टाकीतला चमचाभर द्राव मालकांपुढं धरला.

"साहेब, माझं मी प्यायले. आता तुमचं तुम्ही प्या."

अमरसिंह मागं सरकले.

"नोकरी गेली म्हणून समज!"

"समजले," ती म्हणाली आणि पांढरा कोट काढून टेबलावर टाकला.

फाटकापाशी खरेदीदारांपैकी तेजस्वी चौगुले धापा टाकत मागून आली. "अहो, आमचं औषध गुळण्यांचं. ते पातळच असतंय. आम्हाला पूड कशाला?"

आता तेजस्वीच्या कंपनीसाठी गडमुडशिंगीत पत्र्याच्या शेडमध्ये प्रियदर्शनीचा पाक शिजतो. ढवळायला पिराजी असतो. अमरसिंहांची टाकी अजून मिथेनॉलवरच चालते. तिनं कारखाना निरीक्षकाकडे तक्रार केली आहे. ती मागे घ्यावी म्हणून अमरसिंहांचे दोनदा निरोप आले. पिराजीनंच दारातून उत्तर दिलं, "मॅडम न्हाय म्हनत्यात. मी बी न्हाय म्हनतोय."