लाइन जमवणारे अण्णा

"स्वल्प थांबा. ही माझ्याकडे नाही," असं म्हणत अण्णा समोरच्याला बोलता बोलता अडवायचे आणि कानावरची पेन्सिल काढायचे. मग समोर कॅन्टीनचा वाढपी असो की खुद्द चीफ इंजिनिअर. तुमच्याही ओळखीत काड्यापेट्या किंवा तिकिटं जमवणारं कुणी असेल. आमचे अण्णा एक इंग्रजी शब्द जमवत होते. एकच. लाइन.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ट्रेसर म्हणून लागले. दिवसभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं शाईनं गिरवायची, हे काम. शेजारचं टेबल अण्णांचं. मूळचे निपाणीकडचे, राहायला चामराजपेटेत, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. वयानं माझ्या दुप्पट, तरी मला अक्का म्हणायचे.

हा नाद कसा लागला तेही त्यांनीच सांगितलं. कारखान्याच्या लायब्ररीत त्यांनी एकदा जाडजूड डिक्शनरी उघडली, तर या एका शब्दाला कितीतरी रकाने दिलेले. "वीस वर्षं मी रोज लाइन ओढतोय, आणि मला वाटायचं लाइन म्हणजे रेघ, झालं." त्यांना चक्क अपराधी वाटलं होतं. तेव्हापासून वाया गेलेल्या ड्रॉइंगच्या कागदाचे तुकडे करून ते टिपून ठेवू लागले. रेशनची लाइन, आगगाडीची लाइन, पोलीस लाइन, तळहातावरची लाइन. आमचे हेडक्लार्क मुलाबद्दल "तो मेडिकल लाइनला गेला" असं अभिमानानं म्हणाले, तर अण्णांनी अभिनंदन करायच्या आधी कागद काढला.

एकदा डबा खाताना त्यांनी सगळ्यांच्या पोळीवर जवसाची चटणी वाढली. "हे काय आहे सांगा."

"जवस."

"मग आपण दिवसभर जवसच ओढतो बघा."

आम्ही खात राहिलो आणि ते सांगत राहिले. जुन्या रोमन लोकांच्या भाषेत जवसाला लिनम म्हणत. त्याच्या झाडाच्या वाखाचा दोरा तो लिनिया. सरळ रेघ आखायची तर दोरा ताणायचा, म्हणून पुढे रेघेलाच दोऱ्याचं नाव पडलं. कोटाच्या आतलं लायनिंगही त्याच घरातलं, कारण अस्तर जवसाच्या कापडाचं असे. एवढं सांगून त्यांनी आपल्या ताटलीतली चटणी इतक्या आदरानं खाल्ली की आम्हाला हसू आवरेना.

त्यांना थट्टा कळत नसे असं नाही, पण या एका बाबतीत ते कमालीचे गंभीर होते. आमच्यातला एकजण टेलिफोनवरच्या मुलीवर लाइन मारतो, असं कुणीतरी हळूच म्हणालं. अण्णा तडक त्याच्याकडे गेले आणि त्या मुलीच्या देखतच म्हणाले, "नेमकं काय करता तेवढं सांगा, लिहून घेतो." बिचारा आठवडाभर तिकडे फिरकला नाही.

ते रिटायर होणार म्हणून आम्ही बेत केला. अण्णा पुतणीच्या लग्नासाठी निपाणीला गेले होते, तेवढ्यात त्यांच्या खणातले सगळे कागद काढून अर्थांप्रमाणे लावायचे आणि सुतारखात्यातून सागवानी पेटी करून त्यात घालून द्यायचे. पेटीचं माप मी दिलं, एका कागदावरून. पेटी आली आणि झाकण बसेना. बाकीचे कागद बोटभर लांब होते. आम्ही पडलो ड्रॉइंग ऑफिसातली माणसं, कागद मापाबाहेर गेला की कापायचा एवढंच ठाऊक. मी पोलादी पट्टी ठेवली आणि प्रत्येकाची खालची पट्टी पात्यानं कापून काढली. त्या कापलेल्या पट्टीवर तो अर्थ कुणी सांगितला त्याचं नाव होतं. मला ते दिसत होतं. अर्थ तर वर शाबूत आहे, असं मला वाटलं. पट्ट्या केराबरोबर गेल्या.

निरोपाच्या दिवशी अण्णांनी पेटी उघडली. "सरी, छान झालंय," असा कन्नड होकार भरत म्हणाले. मग कागदांच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि आधी एक, मग दुसरा काढून बघितला. "खालचं कुठं आहे?"

मी सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "अर्थ डिक्शनरीत आहेतच की हो, अक्का," एवढंच म्हणाले. "कोण काय बोललं, ते आता कुठं मिळायचं?"

पुढच्या रविवारी मी चामराजपेटेत त्यांच्या घरी गेले. खाली कोऱ्या पट्ट्या चिकटवायच्या, अण्णांनी आठवायचं आणि मी नावं लिहायची. बरीचशी त्यांना धडाधड आठवली. काही अडली तेव्हा कागद ज्यांचा असेल असं वाटायचं त्यांना शोधत आम्ही दोघं बसनं फिरलो. वाळत घालायच्या दोरीचा कागद आला तेव्हा ते बराच वेळ बघत बसले. त्यांच्या बायको शेजारी अवरेकाईच्या शेंगा सोलत होत्या. वर न बघताच त्या म्हणाल्या, "माझा आहे तो. विसरलात का?"

मला वाटलं, गंमत आहे. पण तिथून पुढं विसरणं वाढतच गेलं. मी रविवारच्या जोडीला आठवड्यातला आणखी एक वार जायला लागले. पेटीत कागद उरत होते आणि अण्णा कमी कमी होत होते. मला त्या पात्याचा फार राग यायचा, म्हणजे माझाच.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पेटी त्यांच्या बायकोनं मला दिली. त्यात पंचवीसएक कागद नावाविना आहेत. कॉन्व्हेंटमध्ये वर्गात मराठी बोलले म्हणून एकच वाक्य लिहायला लावलेल्या शंभर लाइनी, हा मी पहिल्याच आठवड्यात दिलेला कागद आमच्या शेवटच्या बैठकीत निघाला होता. तो माझा आहे हे मी मुद्दाम सांगितलं नाही.

"एक मुलगी होती," अण्णा म्हणाले. "शेजारच्या टेबलावर. चांगली होती हो."

"मीच ती, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझ्या हातातलं पेन मागून घेतलं. "मग नाव सांगा की."

मी नाव सांगितलं. त्यांनी ते ड्रॉइंगवर लिहावं तसं एकेक अक्षर सुटं, सरळ लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले.